पेटीची किल्ली : विल्यम सुडेलची गोष्ट

आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही संस्थेत एक माणूस असा असतोच, ज्याच्याकडे पेटीची किल्ली असते. मशिदीची कमिटी असो, वाचनालय असो, पोरांची क्रिकेटची टीम असो. धावपळ तोच करतो. पैसे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून घालतो आणि कधी कोणाला बोलूनही दाखवत नाही. आपण त्याला म्हणतो, "भाई, तुम्ही आहात म्हणून चाललंय." आणि हिशेब विचारत नाही. हिशेब विचारला तर त्याच्या नीयतीवर शंका घेतल्यासारखं होईल, असं आपल्याला वाटतं.

अशाच एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. हा माणूस होता इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावचा. त्याचं नाव विल्यम सुडेल, जन्म १८५० चा. खेळाडूंना उघडपणे पगार द्यावा यासाठी तो भांडला, फुटबॉलचा पहिला अजिंक्य संघ त्याने बांधला आणि शेवटी हिशेबाच्या वह्यांपायी तुरुंगात गेला. फुटबॉलच्या इतिहासात व्यावसायिक संघाचा पहिला मोठा मॅनेजर म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

प्रेस्टन हे लँकशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. सूतकताईच्या यंत्रामुळे जगभर नाव झालेला रिचर्ड आर्कराइट इथलाच. लँकशायरच्या कापडाने हिंदुस्थानातल्या हातमागांची काय गत केली, हे आपल्याकडच्या विणकर वस्त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. मालेगाव आणि भिवंडीच्या कितीतरी मोमीन घरांत, आपले वडीलधारे उत्तरेकडून माग घेऊन दक्षिणेकडे का आले, याची आठवण अजून सांगितली जाते. पुढे १९५० नंतर त्याच प्रेस्टनच्या गिरण्यांत काम करायला भरूच-सुरतेकडचे मुसलमान गेले, आणि आज तिथे त्यांची मोठी वस्ती आहे. म्हणजे सुडेलने ज्या गिरणीच्या पैशाला हात लावला, त्या पैशाचं आणि आपलं नातं अगदीच लांबचं नाही.

फुटबॉलचं आणि गिरणीचंही नातं जवळचं. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि कोवळ्या पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नव्हती, त्यामुळे पुरुषांनाही शनिवारची दुपार मोकळी मिळू लागली. आठवड्यातल्या त्या चार-पाच तासांत मजुराचं फुटबॉल वाढलं. आजही इंग्लंडमधले बरेचसे सामने शनिवारी दुपारी होतात, त्याचं मूळ गिरणीच्या भोंग्यात आहे.

सुडेल मजूर नव्हता. तो गुडएअर घराण्याच्या गिरण्यांमध्ये मॅनेजर होता. स्वयंसेवक सैन्यातही अधिकारी असल्यामुळे लोक त्याला 'मेजर' म्हणत. प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लब मुळात क्रिकेटचा. पुढे डीपडेलच्या मैदानावर आल्यावर त्याने रग्बी खेळून पाहिली आणि अखेर १८८० मध्ये फुटबॉल स्वीकारलं. सुरुवात फजितीनेच झाली. मार्च १८८१ मध्ये शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्यांना १६-० असं धुतलं. दुसरा कोणी असता तर पुन्हा क्रिकेटकडे वळला असता. सुडेलने ठरवलं, की चांगलं फुटबॉल जिथे खेळलं जातं तिथून माणसं आणायची.

त्या वेळी चांगलं फुटबॉल म्हणजे स्कॉटलंडचं. इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकटाच धावत सुटायचा. स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांना देत पुढे जायचे. सुडेलने तिकडून निक रॉसला आणलं, त्याचा धाकटा भाऊ जिमी रॉसला आणलं, डेव्हिड रसेल, जॉन ग्रॅहम, जॉर्डी ड्रमंड असे एकेक मोहरे जमवले. जन्माने इंग्रज पण घराने स्कॉटिश असलेला जॉन गुडॉलही आला. निक रॉस घरांच्या छपरांवर पाटीचा दगड बसवणारा कारागीर होता. असा माणूस आपलं गाव, आपला धंदा सोडून दुसऱ्या मुलखात फक्त हौसेसाठी येईल का? त्याला रोजी द्यावीच लागणार. सुडेल गावात त्यांना कामं मिळवून देत होता आणि पैसेही देत होता.

इथेच अडचण होती. खेळण्यासाठी पैसे घेणं फुटबॉल असोसिएशनच्या नियमात बसत नव्हतं. १८६३ मध्ये स्थापन झालेली ही संघटना बड्या खासगी शाळांमधून शिकलेल्या सभ्य लोकांच्या हातात होती. खेळ हा खेळासाठी खेळावा, पैसा आला की तो नासतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला हे फार सुंदर वाटतं. पण ज्याच्या बापाची जमीन आहे, त्याला सामन्यासाठी आठवड्याचा एक दिवस गेला तर फरक पडत नाही. गिरणीतल्या माणसाचा एक दिवस गेला की त्या दिवसाची भाकरी जाते, आणि पाय मोडला तर महिनाभर चूल कशी पेटवायची हा प्रश्न येतो. तेव्हा 'पैसे घेऊ नका' याचा मजुराच्या बाबतीत अर्थ 'खेळू नका' असाच होत होता.

तरी मजूर खेळत होते आणि जिंकतही होते. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या कामगारांच्या संघाने एफए कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सचा २-१ असा पराभव केला. ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या हातून कप सुटला, तो पुन्हा कधी सभ्य लोकांच्या संघांकडे गेला नाही. लँकशायरमधले क्लब खेळाडूंना पैसे देतात, हे सगळ्यांना माहीत होतं. वह्यांत मात्र ते दिसत नसे. कुठे खोटी नोकरी दाखवायची, कुठे प्रवासखर्च फुगवायचा, कुठे सामना संपल्यावर बुटात नाणी ठेवायची. सगळेच दोन हिशेब ठेवत होते, एक दाखवायचा आणि एक खरा.

जानेवारी १८८४ मध्ये प्रेस्टनचा सामना लंडनच्या अपटन पार्क या हौशी संघाशी झाला. तो १-१ असा सुटला. अपटन पार्कने तक्रार केली, की प्रेस्टनचे खेळाडू पैसे घेणारे आहेत. असोसिएशनने सुडेलला जाब विचारायला बोलावलं. दुसरे क्लब अशा वेळी कानांवर हात ठेवत. सुडेलने कबूल केलं. होय, आम्ही बाहेरून खेळाडू आणले, त्यांना गावात कामं मिळवून दिली, आणि हे आम्हीच करतो असं नाही, सगळा लँकशायर करतो. प्रेस्टनला कपमधून बाद करण्यात आलं.

माझ्या मते सुडेलच्या आयुष्यातला हा सगळ्यात उजळ क्षण. एका खऱ्या वाक्यामुळे त्याच्या संघाचं पूर्ण वर्ष वाया गेलं. पण ते वाक्य बोललं गेल्यावर पुन्हा झाकणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी असोसिएशनने नियम आणखी कडक करून पाहिले, तेव्हा सुडेल आणि उत्तरेकडचे तीसएक क्लब एकत्र आले. आमचं म्हणणं ऐकलं नाही तर आम्ही वेगळी संघटना काढतो, अशी त्यांनी धमकी दिली. शेवटी २० जुलै १८८५ रोजी असोसिएशनने खेळाडूंना पगार देण्याला मान्यता दिली.

मान्यता दिली, पण बरोबरी दिली नाही. पगारी खेळाडूने दरवर्षी नाव नोंदवायचं, कपमध्ये खेळायचं तर त्याचा जन्म त्याच परिसरातला हवा किंवा तो दोन वर्षं तिथे राहिलेला हवा, आणि असोसिएशनच्या कुठल्याही समितीवर त्याने बसायचं नाही, अशा अटी होत्या. घामाचा मोबदला मिळाला, मात्र कारभारात जागा मिळाली नाही. तरीही १८८५ चं महत्त्व कमी होत नाही. चोरून दिली जाणारी मजुरी उघड झाली, कायद्याने तिला मजुरी म्हणून मानलं. मजुराच्या हक्काला आपल्या दीनमध्ये किती मोल आहे, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

आता सुडेलला मोकळं रान मिळालं. आज मॅनेजर जे जे करतो, ते जवळजवळ सगळं तो करत होता. खेळाडू शोधणं, त्यांची राहण्याची सोय, प्रवास, बूट, सराव, कोण कुठे खेळणार, सगळं तोच पाहायचा. बिलियर्डच्या टेबलावर बुद्धिबळाची प्यादी मांडून तो डाव समजावून सांगायचा, असं सांगतात. गावातलं मैदान सोडून असं टेबलाभोवती बसून खेळाचा विचार करणं तेव्हा नवीन होतं. त्याच्या संघात फ्रेड ड्यूहर्स्ट नावाचा एक शिक्षकही होता. तो हौशी खेळाडू, बाकी बहुतेक पगारी, आणि संघाचं कर्णधारपद पुढे या मास्तरांकडे आलं. माझ्या पेशातला माणूस म्हणून मला ही गोष्ट जरा जास्त आवडते.

१८८६-८७ च्या मोसमात प्रेस्टनच्या गोलमध्ये आर्थर व्हार्टन उभा राहिला. त्याचा जन्म आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानातल्या अक्रा शहराचा. १८८६ मध्ये त्याने शंभर यार्डांची शर्यत दहा सेकंदांत जिंकली होती. प्रेस्टनसाठी तो हौशी म्हणून खेळला आणि संघ कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढे रॉदरहॅमकडे जाऊन तो पगारी झाला. जगातला पहिला काळा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतात. १९३० मध्ये तो वारला तेव्हा खाणीवर काम करत होता आणि १९९७ पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. सुडेलने त्याला संघात घेतलं ते त्याचा खेळ पाहून. ही नोंदही सुडेलच्या खात्यावर जमेच्या बाजूला लिहायला हवी.

ऑक्टोबर १८८७ मध्ये प्रेस्टनने हाइड नावाच्या संघाला २६-० असं हरवलं. एफए कपमधला हा विक्रम अजून मोडलेला नाही. सहा-साडेसहा वर्षांपूर्वी सोळा गोल खाणारा हाच क्लब! पण यशाबरोबर ताठाही येतो. १८८८ च्या अंतिम सामन्याआधी प्रेस्टनच्या लोकांनी विचारलं, की कपाबरोबर आमचा फोटो आत्ताच काढून घेऊ का, नंतर कपडे चिखलाने माखतील. पंच मेजर मारिंडिन यांनी उलट विचारलं, की आधी तो जिंकलेला बरा नाही का? असा किस्सा सांगतात. प्रेस्टन तो सामना वेस्ट ब्रॉमविचकडून १-२ असा हरलं.

पगार सुरू झाले तशी एक नवी अडचण उभी राहिली. खेळाडूला दर आठवड्याला पैसे द्यायचे, पण सामन्यांचा भरवसा नाही. कधी समोरचा संघ येतच नाही, कधी कपमधून लवकर बाद व्हावं लागतं, मग तिकिटांचे पैसे कुठून येणार? ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगरने २ मार्च १८८८ रोजी काही क्लबांना पत्र लिहून सुचवलं, की ठरलेले संघ ठरलेल्या तारखांना एकमेकांशी खेळतील अशी व्यवस्था करू. त्या पत्रातून बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. सगळे क्लब उत्तरेकडचे आणि मध्य इंग्लंडमधले, लंडनचा एकही नाही. आज जगभर ज्या लीग चालतात त्या सगळ्यांचं बीज हे. या लीगच्या पहिल्या खजिनदाराचं नाव होतं विल्यम सुडेल.

८ सप्टेंबर १८८८ रोजी पहिले सामने झाले. प्रेस्टनने बर्नलीला ५-२ असं हरवलं आणि मग मागे पाहिलंच नाही. २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, पराभव एकही नाही. ७४ गोल केले, १५ खाल्ले. दुसऱ्या क्रमांकावरचा ॲस्टन व्हिला ११ गुणांनी मागे राहिला. ३० मार्च १८८९ रोजी त्यांनी वुल्व्हज संघाचा ३-० असा पराभव करून एफए कपही जिंकला, आणि त्या पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. लोकांनी या संघाला 'अजिंक्य' म्हटलं. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात न हरता मोसम काढणारा पुढचा संघ म्हणजे २००३-०४ चा आर्सेनल, तब्बल ११५ वर्षांनंतरचा. गंमत म्हणजे ज्याने हा संघ घडवायला सुरुवात केली, तो निक रॉस त्या वर्षी एव्हर्टनकडे गेला होता. तो पुढच्या वर्षी परतला आणि प्रेस्टनने पुन्हा लीग जिंकली.

त्यानंतर सलग तीन वर्षं प्रेस्टन दुसरं आलं. गोष्ट उताराला लागली होती. सुडेलने दाखवलेल्या वाटेवर आता सगळेच चालत होते. प्रेस्टनपेक्षा मोठ्या शहरांचे क्लब, जिथे तिकिटाला जास्त माणसं येतात, तेही स्कॉटिश खेळाडूंना बोलावू लागले. जॉन गुडॉल डर्बीला गेला. उरलेल्यांना टिकवायचं तर पगार वाढवावा लागणार, आणि डीपडेलच्या तिकिटांमध्ये तेवढा पैसा नव्हता. १८९३ मध्ये क्लबची कंपनी झाली आणि सुडेलचा कारभार संपला. पुढच्याच वर्षी निक रॉस क्षयाने वारला. त्याचं वय अवघं ३१ वर्षं होतं.

१८९५ मध्ये सुडेलला अटक झाली. गिरणीच्या वह्यांत खोट्या नोंदी करून त्याने मालकांचे पाच हजार पौंडांहून जास्त पैसे काढले होते, आणि हे बरीच वर्षं चाललं होतं. रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पुढे १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूचा पगार आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड असा बांधला गेला. त्या हिशेबाने ही रक्कम म्हणजे एका उत्तम खेळाडूची जवळपास पंचवीस वर्षांची कमाई. पैसा मुख्यतः संघावर खर्च झाला, असं मानलं जातं. न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. सुटल्यावर सुडेल दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे खेळाविषयी लिहिणारा पत्रकार झाला आणि १९११ मध्ये केप टाउनमध्ये वारला.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. १८८४ मध्ये ज्याने भर सभेत 'होय, आम्ही पैसे देतो' असं सांगितलं, त्याच माणसाने 'ते पैसे कुठून आले' हे मात्र लपवलं. एका खोट्या हिशेबाविरुद्ध लढताना त्याने दुसरा खोटा हिशेब लिहिला. कोणी म्हणेल, त्याने स्वतःसाठी थोडंच घेतलं? गावासाठी घेतलं, मजूर पोरांच्या पगारासाठी घेतलं, नीयत चांगली होती. हे म्हणणं मला पटत नाही. गिरणीचा पैसा त्याच्याकडे अमानत होता. अमानत मोडून केलेल्या दानधर्माला दानधर्म म्हणत नाहीत. ज्यांचे पैसे होते त्यांनी ते दिलेले नव्हते.

हजरत उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या दिव्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रात्री ते राज्याचं काम करत बसले होते. भेटायला आलेल्या माणसाने घरगुती बोलणं काढलं, तेव्हा त्यांनी समोरचा दिवा विझवला, कारण त्यातलं तेल जनतेचं होतं. आपण ही गोष्ट सांगताना एवढंच शिकवतो, की जनतेचं तेल स्वतःसाठी जाळू नये. सुडेलची गोष्ट तिची दुसरी बाजू शिकवते. दुसऱ्याचं तेल जनतेसाठीही जाळू नये.

पण सगळा दोष त्याच्याच माथी मारून मोकळं होणंही बरोबर नाही. डीपडेलवर टाळ्या वाजवणाऱ्या हजारो माणसांपैकी कितीजणांनी विचारलं असेल, की एवढ्याशा गावाला एवढे महागडे खेळाडू कसे परवडतात? कप आला तेव्हा तो सगळ्या गावाचा होता. खटला मात्र एकट्या सुडेलवर चालला.

त्याच्यानंतर आलेले मॅनेजर वेगळे होते. सुडेलची रोजी गिरणीत होती आणि जीव क्लबात. टॉम वॉटसन हा क्लबचाच पगारी माणूस. त्याने सँडरलँडला तीनदा लीग जिंकून दिली, मग लिव्हरपूलकडे जाऊन १९०१ आणि १९०६ मध्ये तिथेही. त्याला खेळाडूंच्या पगारासाठी दुसऱ्या कुणाच्या तिजोरीत हात घालायची वेळ आली नाही, कारण पैशाचा हिशेब पाहणारे संचालक वेगळे होते. मैदान एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे. खेळाडूंना पगार मिळवून देणाऱ्या सुडेलनंतर मॅनेजरलाही पगार मिळू लागला, आणि त्यामुळे त्याच्यावरचा मोह एकाने कमी झाला.

परत आपल्या मोहल्ल्यातल्या त्या किल्लीवाल्या माणसाकडे येऊ. त्याला दरमहा हिशेब मागावा. शंका म्हणून नव्हे, त्याच्याबद्दल आस्था आहे म्हणून मागावा. वही दोघांच्या सहीने चालावी, दरमहा भिंतीवर लागावी, आणि खिशातून घातलेले पैसे त्याला परतही मिळावेत. जो माणूस आपल्यासाठी एवढं धावतो, त्याला एकट्याला पेटीजवळ सोडून जाणं म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणं नाही. प्रेस्टनच्या लोकांनी सुडेलला तसंच सोडलं होतं.